कोठीच्या दारावरचा घोडा

प्रिय उस्त्या,

पाकीट फाडण्याआधी मागची चिकटवलेली कड नीट बघ. तिच्यावर मी निळ्या पेनानं एक नागमोडी रेघ ओढली आहे. रेघ कुठे तुटलेली दिसली तर मार्कोनं वाटेत पत्र उघडलं असं समज आणि पुढच्या वेळी त्याच्या गाडीतून लोणच्याची बरणीसुद्धा पाठवू नकोस. माणूस तसा वाईट नाही, पण पोलंडच्या सीमेवर त्याची गाडी अर्धा अर्धा दिवस रांगेत उभी असते, आणि रिकाम्या हातांना काय सुचेल याचा नेम नाही. फोन का केला नाहीस, असं तू म्हणशीलच. फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो तेवढं पुरे आहे. तू मला हसतेस हे मला ठाऊक आहे. शाळेत असतानाही हसायचीस, पण तुझी वेणी बाकाला कोण बांधून ठेवतं ते शेवटी मीच शोधून काढलं होतं.

आधी इकडची खुशाली. तुझी चेरी यंदा लगडली आहे. साळुंक्या टपून बसल्यात, म्हणून मी झाडावर तुझ्या नवऱ्याचा जुना कोट टांगला. दोन दिवस त्या घाबरल्या, आता त्याच्याच खांद्यावर बसून खातात. माझ्या शेळीला दोन करडं झाली. हल्ल्याचा भोंगा रोज वाजतो, पण आता कोंबड्याही मान वर करत नाहीत. नदीकाठची बाग मी अर्धीच लावली, गुडघे ऐकत नाहीत. घर तुझं धड आहे, छपराला काही झालेलं नाही, आणि खिडक्याही शाबूत आहेत. घरात राहणाऱ्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे, आणि सविस्तर बोलायचं आहे, तेव्हा चहा करून घे आणि बस.

तूच क्लिमला फोनवरून सांगितलंस, की घर रिकामं आहे, पूर्वेकडून आलेल्या कुणा बेघराला द्या. मी नको म्हणत होते. मला वाटलं होतं एखादी लेकुरवाळी बाई येईल, शेजारी जरा पोरांचा गलका होईल. आला कोण, तर हा खारितोन. एकटा, साठीचा, शेपूट तुटलेलं एक कुत्रं बरोबर, आणि मेणकापडात गुंडाळून तारेनं करकचून बांधलेली एक लांब वस्तू. बॅग नाही, गादी नाही, भांडं नाही. माणूस घर सोडून पळतो तेव्हा काय उचलतो? फोटो, कागदपत्रं, उबदार कपडे. यानं लांब वस्तू उचलली. मी कुंपणापाशी उभी राहून बघत होते. त्यानं ती वस्तू लहान मूल धरावं तशी दोन्ही हातांवर धरून आत नेली, आणि दार लावून घेतलं. भरदिवसा.

मी सरळ क्लिमकडे गेले. गावचा मुख्य झाल्यापासून तो फार हुशार झाला आहे. मी म्हटलं, त्या माणसाकडे बंदूक आहे. तो म्हणाला, "मेलाश्कामावशी, गावातल्या एखाद्या माणसाला तरी तुम्ही नुसता माणूस राहू द्या की! गेल्या खेपेला काय झालं आठवतंय ना?" आता ते सारखं उकरून काढायची काही गरज आहे का? पहिल्या वसंतात सगळेच म्हणत होते, की रस्त्यांवर आणि छपरांवर रंगाच्या खुणा करत लोक फिरतायत आणि त्या खुणा बघून वरून मारा होतो. मग खांबांवर आकडे लिहिणारा अनोळखी माणूस दिसल्यावर त्याला वाचनालयात कोंडायचं नाही तर काय ओवाळायचं? तो विजेचाच माणूस निघाला हे मी कबूल करते. पण कोंडायला तूही होतीस, आणि तुझ्या बीटच्या बोर्श्चचे दोन वाडगे ओरपून, मिश्या पुसत, आपल्याला धन्यवाद देऊन तो गेला, हे क्लिम कधी सांगत नाही.

तर खारितोन. दारू पीत नाही. मी नव्या शेजाऱ्याचा मान म्हणून घरची बाटली घेऊन गेले, तर म्हणतो, "नको ताई, मला झेपत नाही." पूर्वेकडचा, रेल्वेतला, आणि झेपत नाही! बोलतो अर्धं आपलं, अर्धं तिकडचं, आणि मध्येच गप्प होतो. आल्या आल्या त्यानं मला विचारलं, इथून रेल्वेचा पूल किती लांब आहे. कशाला पाहिजे पूल? म्हणे आयुष्यभर गाड्यांच्या आवाजात झोपलो, इथे शांततेत डोळा लागत नाही, पुलावरून गाडी गेलेली ऐकू येईल का बघत होतो. उत्तर तयारच होतं बघ. मला तर तयार उत्तराचीच जास्त भीती वाटते. रेल्वेत तो डब्यांवरचे आकडे आणि अक्षरं रंगवायचा. म्हणजे ब्रश चालवायला येतो, हे तू लक्षात ठेव.

आमचं बिनसलं ते कुत्र्यावरून. त्या लांड्या कुत्र्यानं माझ्या करडाच्या मागे धावून त्याला विहिरीपर्यंत नेलं. मी कुंपणावरून चार शब्द सुनावले. त्यानं टोपी काढली, मान खाली घातली आणि एक शब्द बोलला नाही. भांडणात जो माणूस उलट बोलत नाही त्याच्याशी भांडायचं कसं, सांग? त्या दिवसापासून मी तुझ्या अंगणात पाऊल टाकलं नाही. कुंपणापलीकडून जेवढं दिसेल तेवढं बघत होते. कोठीचं दार तिकडून दिसत नाही, मध्ये तुझी लायलॅकची झुडपं येतात. नाहीतर हे सगळं इथवर आलंच नसतं.

आता आपल्या दारांवर रंगवलेल्या कोसॅक ममायचं सांगते. तुला तिकडे पोलंडात, लुब्लिनमध्ये कळलंच असेल, तो हल्ली फार मोठा माणूस झालाय. शिपायांच्या बाहीवर तो, कॉफीच्या पेल्यावर तो, बसथांब्याच्या भिंतीवर तो. सगळीकडे तीच बैठक, मांडी घातलेली, मांडीवर बांदुराच्या तारा छेडणारा हात, टकलावर एक लांब शेंडी, मागे ओकचं झाड, बाजूला जमिनीत रोवलेल्या भाल्याला बांधलेला घोडा. वाचनालयातली वासिलिना म्हणते, मेलाश्कामावशी, हाच आपल्या देशाचा चेहरा. मी म्हटलं, कसला चेहरा, इथे प्रत्येक कोठीच्या दारावर त्याचं नाक वेगळं आहे! तुमच्या दारावरच्याचं तुझ्या आजोबांसारखं बटाट्यासारखं. आमचा बारीक मिशीचा, कोंबडी चोरून बसल्यासारखा. नाव ममाय, पण तो कोण, कुठला, कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच तो प्रत्येक घराला आपला वाटत आला. मला राग एवढ्याचाच येतो, की आता जे त्याच्याबरोबर फोटो काढून घेतात त्यांचेच बाप जुन्या राजवटीत तपासणीच्या वेळी त्याच्यावर चुना फासायला सांगत यायचे. तुझ्या वडिलांनी त्या तपासनिसाला काय सांगितलं होतं आठवतं? "साहेब, हा कोसॅक कुठला, हा तर आपल्या सामुदायिक शेतीचा मोतद्दार, आणि घोडा सरकारी आहे." तपासनीस दाराजवळ जाऊन म्हणाला, मोतद्दाराची शेंडी कापा. तुझ्या वडिलांनी शेंडीवर टोपी रंगवली, ताकात कालवलेल्या खडूनं, आणि पहिल्या पावसात ती वाहून गेली.

पण शेंडी असो वा टोपी, घोड्याला कुणी कधी हात लावला नाही. वासिलिनाला फोटोत नुसता घोडा दिसतो. आपल्याला दिसतो त्याच्या मानेपासून भाल्यापर्यंत गेलेला दोर. घरचा पुरुष लढाईला निघाला की घरच्या बाईनं तो दोर खरवडून काढायचा, घोडा सुटा करायचा, म्हणजे तो त्याच्याबरोबर जाईल. परत आला की त्यानं घरात शिरण्याआधी, पाणी पिण्याआधी, स्वतःच्या हातानं ब्रश धरून घोडा बांधायचा. दुसऱ्या कुणी बांधायचा नाही. आमच्या दारावरचा घोडा जर्मन लढाईपासून सुटाच आहे. आजी गेली, आई गेली, रंग मी तीनदा उजळून घेतला, पण दोर कुणी रंगवला नाही. आपल्या यावोरीव्कात अशी किती दारं आहेत तुला माहीत आहे.

तुझ्या दाराचा दोर तू काढलास तेव्हा स्टूल मी धरलं होतं. तू स्वयंपाकघरातली बटाटे सोलायची सुरी घेऊन चढलीस आणि ती अशी सटकली, की घोड्याचा कानही खरवडला गेला. सावा खाली उभा राहून हसत होता. "आई, घोड्याला बहिरा करून पाठवतेयस का?" मग त्यानं तुझ्या हातातून सुरी काढून घेतली, माझ्याकडे वळून म्हणाला, "धर्माई, दोर मी येऊन बांधेन. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस, तुझ्यावर सोपवतोय." मी त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी कडेवर धरलं होतं, उस्त्या, आणि तो माझ्या नव्या शालीवर मुतला होता. त्याचं काही मागणं मी कधी मोडलं नाही. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी तो बेपत्ता असल्याचं कळलं, आणि तू काही दिवस त्या दारासमोर नुसती बसून राहिलीस. मग ओरिस्या येऊन तुला घेऊन गेली. लेकीनं बरंच केलं. इथे राहिली असतीस तर त्या दारानं तुला खाल्लं असतं.

मे महिन्यात भरतकामाच्या शर्टांचा दिवस झाला. वासिलिना ठेवणीतला शर्ट घालून गावभर फिरली आणि तिनं प्रत्येक कोठीच्या दाराचा फोटो काढला. माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, हे फोटो कुणाला पाहिजेत? कशाला? ती म्हणाली, "जगाला दाखवायचे, मावशी, की आम्ही इथेच आहोत." जगाला दाखवायचे म्हणजे शत्रूलाही दिसणार, हे तिच्या डोक्यात येत नाही. तरी मी दार पुसून दिलं. संध्याकाळी तिनं ते गावाच्या फेसबुकवर टाकले. दुसऱ्या दिवशी दुकानात मला म्हणाली, सगळ्यात जास्त पसंती उस्तिनामावशींच्या दाराला मिळाली, त्याचा रंग किती ताजा आहे बघा. तिनं फोन पुढे केला. मी चष्मा लावला. ममाय होता, ओक होता, बटाट्याचं नाक होतं. आणि घोड्याच्या मानेपासून भाल्यापर्यंत दोर होता. लालसर, नवाकोरा, पीळसुद्धा दिसत होता.

मी पाव तिथेच ठेवून निघाले. खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात आलं की सावा आला. मी या गुडघ्यांनी धावले, उस्त्या. तुझ्या फाटकापाशी पोचेपर्यंत मी त्याला काय काय बोलायचं तेही ठरवलं होतं, की धर्माईला न सांगता आत जातोस काय रे, कान उपटते थांब. अंगणात ते लांडं कुत्रं होतं आणि दाराशी स्टुलावर खारितोन बसला होता. हातात ब्रश, शेजारी डबीत रंग. घोड्याचा खरवडलेला कान तो नीट करत होता. मला बघून त्यानं टोपी काढली.

मग मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. तुला माहीत आहे मी काय बोलू शकते. आत आत मला वाटत होतं की मी म्हणत होते तेच निघालं, हीच ती खूण, कुणीतरी कुठूनतरी हा फोटो बघत असेल आणि दोर दिसला की समजत असेल, या घरात आपला माणूस आहे, या गावात यायला हरकत नाही. मी क्लिमला बोलावलं. तो जेवता जेवता उठून आला, हातात कांद्याची पात तशीच. "आता कुणाला पकडलंत, मावशी?" मी दार दाखवलं. दोर बघितल्यावर क्लिमनंही हातातली पात खाली टाकली. त्याच्या स्वतःच्या भावाचा घोडा सुटा आहे, त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं खारितोनला विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला करायला?" खारितोन म्हणाला, "कुणी नाही. फुकट राहतोय, काहीतरी करावं म्हटलं." मी म्हटलं, आधी ती मेणकापडातली वस्तू बाहेर काढा, मग काय करायचं ते आम्ही बघतो. क्लिम मला गप्प करायला लागला, पण खारितोन उठला आणि आत गेला. बाहेर येईपर्यंत मी त्या कुत्र्याच्या आणि फाटकाच्या मध्ये उभी होते, पळायचं झालं तर दोघांनाही अडवता यावं म्हणून.

त्यानं ते गाठोडं गवतावर ठेवलं आणि तारा सोडल्या. आत एक फळी होती. दारातून करवतीनं कापून काढलेली, एका बाजूनं जळून काळी पडलेली. तिच्यावर ममाय होता. तिकडचा ममाय, आपल्यापेक्षा जाडा, झुपकेदार मिशांचा, बांदुराऐवजी नुसता पाइप ओढत बसलेला. आणि बाजूला घोडा, बांधलेला. चांगला जाड दोर, भाल्याला तीन वेढे देऊन. मी म्हटलं, तुमच्याकडेही? तो म्हणाला, "आमच्याकडे नाहीत तर कुठे?" पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला. आपण त्यांना इकडे काय काय समजतो ते त्याला कळत होतं तर. मग त्यानं सांगितलं, की त्यांच्या गावात पोरगा लढाईला निघाला की बाप घोडा बांधतो. घट्ट बांधतो. घोडा घरी अडकवून ठेवला की माणसाला त्याच्यासाठी परत यावंच लागतं. दोर जुना होऊन पुसट झाला तर तो लगेच उजळायचा, पुसट राहू द्यायचा नाही. क्लिमनं त्याला तुझ्या घरचं सांगितलं होतं, की मालकिणीचा मुलगा बेपत्ता आहे. कोठीच्या दारावर त्याला दोर उडालेला दिसला, कान उडालेला दिसला. त्याला वाटलं, बाई दूर गेल्यात, घरात कुणी नाही, रंगाचे पोपडे निघालेत आणि कुणाचं लक्ष नाही. "मला झोप लागेना ताई. पोरगा तिकडे, आणि घोडा असा मोकाट. म्हटलं, आधी हे बांधू."

मी विचारलं, तुमचा मुलगा? त्यानं फळीवरच्या घोड्याच्या मानेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मी तर तीन वेढे दिले होते." क्लिम तिथून विहिरीकडे गेला. त्या बाटलीनंतर मी त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं एवढ्या दिवसांत.

क्लिम परत आल्यावर आम्ही खारितोनला आपल्याकडची रीत सांगितली. तो लगेच चाकू शोधायला लागला, आत्ता काढतो, आत्ता काढतो म्हणत. मी त्याचा हात धरला. दोर काढायचा तो घरच्या बाईनं, आणि एकदा काढायचा. दुसऱ्यांदा कुणी काढला असं मी तरी ऐकलेलं नाही. क्लिमलाही माहीत नव्हतं. आम्ही तिघं त्या दारासमोर मूर्खासारखे उभे राहिलो, आणि शेवटी क्लिम म्हणाला, मावशी, तूर्त राहू द्या, गावात कुणी विचारलं तर मी बघतो. तेव्हापासून खारितोन माझ्याकडे जेवायला येतो. अजूनही मी कपाटाची किल्ली त्याच्यासमोर ठेवत नाही, सवय जात नाही माझी. पण सारण भरलेल्या वारेनिकीच्या कडा तो माझ्यापेक्षा सुबक मुरडतो, आणि माझी करडं आता त्या लांड्या कुत्र्याच्या पोटाशी झोपतात.

मग रविवारी तुझा फोन आला. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. तुझा आवाज वेगळा होता. तू विचारलंस, घरची चूल नीट ओढते का, मागच्या खोलीतला पलंग ओलसर तर नाही ना, मोठी गोधडी बाहेर काढली आहे का. मी म्हटलं, सगळं आहे. तू म्हणालीस, "जेवण होतं ना नीट?" मी म्हटलं, होतं, माझ्याकडेच होतं. तू हसलीस, उस्त्या. किती दिवसांनी हसलीस! आणि म्हणालीस, "बरं बरं, मी काही विचारत नाही, तूही काही बोलू नकोस." आणि ठेवून दिलास. मी फोन हातात धरून विचार करत बसले. त्या खारितोनची एवढी काळजी हिला कशाला? काल मार्कोनं तुझं पार्सल आणून दिलं. चिठ्ठी नाही, नाव नाही. आत लोकरीचे बनियन, दाढीचं सामान, चॉकलेटात घोळलेले आलुबुखार आणि पुरुषाचे बूट. मला हसूच फुटलं. म्हटलं, बघा आमची उस्त्या, या वयात! भाडेकरूला न बघताच बूट! मी खारितोनला हाक मारली आणि म्हटलं, घाला, तुमच्यासाठी लुब्लिनहून प्रेमपत्र आलंय. त्यानं पाय घातला. त्याचा पाय आत होडीत बसल्यासारखा हलत होता. त्यानं बूट काढला, हातात घेऊन उलटा केला, तळ बघितला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, हे माझ्या मापाचे नाहीत. मालकीणबाईंनी तो फोटो बघितलाय का?"

उस्त्या, तो दोर सावानं बांधलेला नाही. सावा आलेला नाही. हे एवढंच लिहायला बसले होते आणि किती पानं झाली बघ. ओरिस्यानं तुला फोटो दाखवला असेल, तू दोर बघितला असशील, आणि मग कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर तुला वाटलं असेल की तो लपून आला आहे, जखमी आहे, म्हणून मेलाश्का तोंड बंद ठेवून त्याला जेवू घालते आहे. तुला तसंच वाटणार. फोनवर पोरांची नावं घ्यायची नाहीत, कोण आलं कोण गेलं बोलायचं नाही, हे तुझ्या डोक्यात मीच भरवलं, आणि तू ते पाळलंस. काल मी तीनदा फोन उचलला. तुझा आवाज ऐकला असता तर मी खोटं बोलले असते, म्हणून ठेवून दिला. दुसरी काही बातमी नाही, वाईटही नाही. महिन्यातून एकदा मी त्याचा फोटो घेऊन पोल्तावा शहरात जाते आणि कैदेतून सुटून आलेल्या पोरांना दाखवते. गेल्या खेपेला एकानं फोटो बराच वेळ हातात धरला, मग नाही म्हणून मान हलवली. मी पुन्हा जाईन. मार्को सांगत होता, तू इकडे यायला पुढच्या फेरीला जागा धरली आहेस, सामान मोठं आहे म्हणालीस. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते आहे आणि त्याला बजावलंय, की तू वाचून होईपर्यंत जिन्यात उभा राहा, निघून येऊ नकोस. तरीही ये. माझ्यासाठी ये, मला एकटीला हे पेलत नाही. दाराचं काय करायचं ते तू सांगशील ते करू, आणि नाही सांगवलं तर काहीच करायला नको. बूट मी परत पाठवत नाही. मागच्या खोलीत पलंगाजवळ ठेवलेत, त्याच्या पायाचे आहेत ते.

तुझीच,
मेलाश्का